कुत्र्यांना शिकवणाऱ्या ताई आणि आमच्या गटाचं कर्ज

आम्ही वडनेर भोलजीहून बोलतोय, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा. गटाच्या हिशोबाच्या वह्या तपासता तपासता आम्हाला बरीच वर्षं झाली. शेळ्या, म्हैस, पिठाची गिरणी, मुलीची फी, दवाखाना, सोयाबीनचं बियाणं, सगळ्यासाठी बायांनी कर्ज मागितलेलं आम्ही पाहिलंय. पण गेल्या वर्षी आषाढात एका अर्जावर कर्जाच्या कारणापुढे जे लिहून आलं, ते वाचून आम्ही बैठकीतच हसलो. लिहिलं होतं, 'कुत्रे शिकवण्याचे शिक्षण घेण्यासाठी.'

हसलो हे खरं आहे, म्हणून सांगतोय. एक आजी म्हणाल्या, "कुत्र्याले शिकवाले पैसे लागतात काय वं? भाकर टाकली का येते ते." दुसरी म्हणाली, "आमच्या घरच्या माणसाले शिकवून दे आधी." पुन्हा हशा. अर्ज करणाऱ्या ताई मात्र शांत बसून होत्या. आपलं नाव रेडिओवर घेऊ नका असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून आपण त्यांना नुसतं ताई म्हणू.

ताईंचं वय तेव्हा ४४. वीस वर्षं त्यांनी शिलाई केली. गावातले ब्लाऊज, शाळेचे गणवेश, लग्नाच्या दिवसांत रात्री दोनपर्यंत मशीन. मग बाजारात तयार ब्लाऊज आले, गणवेशही तयार मिळू लागले. एकीकडे काम कमी झालं, दुसरीकडे डोळे थकले. सुईत दोरा ओवायला लेकीला हाक मारावी लागायची. कंबर तर शिलाई करणाऱ्या सगळ्याच बायांची जाते. शेतात निंदायला जायचं म्हटलं तर तीच कंबर आडवी येते. आता हे काम सुटलं तर पुढे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. चाळिशी ओलांडलेल्या बाईला नवीन काम कोण देतं? कुठल्याही योजनेचा कागद उघडा, वयाची अट आधी दिसते.

कुत्र्यांचं कुठून निघालं तेही सांगतो. मलकापूरला एका डॉक्टरांच्या घरी ताई ब्लाऊज द्यायला जायच्या. त्या घरात लॅब्राडोर जातीचं पिल्लू आणलेलं. आठ महिन्यांचं झालं तरी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर उडी मारायचं, चपला फाडायचं, साखळीला धरून म्हाताऱ्या माणसाला पाडायचं. घरच्यांनी ते मागच्या अंगणात बांधून टाकलं होतं. ताई गेल्या की तेवढ्या वेळात ते निवायचं. ताईंच्या माहेरी मेंढरं होती, राखणीची कुत्री होती. लहानपणापासून कुत्र्याकडे कसं पाहावं आणि कधी पाहू नये हे त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "तुम्हीच शिकवा ना याला, शहरात याचे पैसे घेतात." त्या एका वाक्यावरून ताईंनी सहा महिने विचार केला. कुणाला बोलल्या नाहीत. बोलल्या त्या थेट बैठकीत.

पहिल्या बैठकीत आम्ही अर्ज बाजूला ठेवला. नाही म्हटलं नाही, पण मनातून नाहीच होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, माहिती काढा, मग पाहू. माहिती काढायचं काम आमच्याकडे आलं आणि तिथे आमचं हसणं थांबलं.

हे काम खरंच आहे आणि आपल्याच राज्यात आहे. मुंबईला शिरीन मर्चंट नावाच्या बाई आहेत. कुत्र्यांचं वागणं समजून त्यांना शिकवणं हा विषय त्यांनी इंग्लंडला जाऊन शिकून घेतला आणि परत येऊन इथे तोच व्यवसाय केला. ज्यांना हातापायाने अडचण आहे अशा माणसांच्या मदतीसाठी कुत्री तयार करण्याचं कामही त्यांनी केलं. २०१८ च्या जानेवारीत केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने आपापल्या क्षेत्रात पहिलं पाऊल टाकणाऱ्या ११२ बायांचा राष्ट्रपती भवनात सत्कार केला, तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते. त्यात शिरीनबाई होत्या. हे आम्ही बैठकीत वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, "राष्ट्रपतीनं बलावलं? कुत्र्यासाठी?" मग त्या पुढे सरकून बसल्या.

पण शिरीनबाईंनी तरुणपणी सुरुवात केली होती. ताईंचा प्रश्न वयाचा होता. तेव्हा परदेशातल्या दोन बायांचं आम्हाला कळलं. एक इंग्लंडच्या बार्बरा वुडहाऊस. जन्म १९१०. घोडे, गाई, कुत्री यांच्यात आयुष्य गेलं आणि टीव्हीवर कुत्र्यांना शिकवण्याचा त्यांचा कार्यक्रम लागला तो १९८० साली. म्हणजे वय ७०! सगळा देश त्यांना त्या वयात ओळखायला लागला. त्यांची पद्धत मात्र गळ्यातल्या साखळीला हिसका देण्याची होती, ती आता चांगली मानत नाहीत.

दुसऱ्या अमेरिकेच्या कॅरेन प्रायर. जन्म १९३२. तीन लेकरांची आई. १९६३ साली हवाई बेटावर त्यांनी डॉल्फिन माशांना शिकवायला घेतलं. मासा म्हणतो खरा आपण, पण तो मासा नव्हे, पिलाला दूध पाजणारा जीव आहे. आता बघा, डॉल्फिनला दोरी बांधता येत नाही. काठी मारायला गेलात तर तो पाण्यात दूर निघून जातो. मग त्याला शिकवायचं कसं? तो आपल्याला हवं ते करतो त्याच क्षणी शिट्टी वाजवायची आणि खायला मासळी द्यायची. बस्स, एवढंच. हीच रीत पुढे त्यांनी कुत्र्यांसाठी लोकांना शिकवली. शिट्टीच्या जागी टिक-टिक वाजणारी छोटी डबी आली. हे झालं १९९० नंतर, म्हणजे बाई साठीला आल्या तेव्हा. आज जगभर कुत्री शिकवणारे लोक ही रीत वापरतात.

आणि पुण्याला शिवाजीनगरला पोलिसांचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. मुंबईत १९९३ साली बॉम्बस्फोट झाले, तेव्हा 'झंजीर' नावाच्या लॅब्राडोर कुत्र्याने वास घेऊन स्फोटकं शोधली. ३,३२९ किलो आरडीएक्स त्याने शोधून दिलं असं नोंदलेलं आहे. तो पुण्यातच शिकलेला. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. आमच्या गटातल्या एकीचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो, त्याला हे पाठ होतं. त्यानेच घरी आईला सांगितलं की हे हसण्याचं काम नाही.

दुसऱ्या बैठकीत ताईंनी हिशोब ठेवला. पुण्यात एका शिकवणाऱ्या माणसाकडे सहा आठवडे. फी १५,०००. जाणं-येणं, पट्टे, दोऱ्या, लस, खर्चाला १०,०००. मावसबहिणीकडे राहायचं, म्हणून खोलीभाडं नाही. एकूण २५,०००. आमच्या गटात अकरा बाया. एवढी रक्कम एकीला, तीही कुणी न पाहिलेल्या धंद्याला, द्यायची आमची छाती झाली नाही. आम्ही १२,००० मंजूर केले. शेकडा दीड रुपया व्याज, तीन महिने नुसतं व्याज, ऑक्टोबरपासून महिन्याला १,००० मुद्दल. बाकीच्यासाठी ताईंनी दोन शेळ्या विकल्या. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. शेळ्या त्यांनी वाढवल्या होत्या.

पुण्याहून ताई पोळ्याच्या आधी परत आल्या. हाताला एक ओरखडा, पायात नवे बूट आणि वहीत लिहून आणलेलं बरंच काही. काय शिकलात म्हणून आम्ही विचारलं, तर म्हणाल्या, "कुत्र्याचं कमी अन् माणसाचं जास्त." आम्हाला वाटलं गमतीनं म्हणाल्या. नंतर त्यांच्याबरोबर दोन-तीन घरी जाऊन पाहिलं तेव्हा समजलं.

समजा कुत्र्याला बसायला शिकवायचंय. ताई त्याच्या मागच्या भागावर दाब देत नाहीत. उकडलेल्या अंड्याचा बोराएवढा तुकडा त्याच्या नाकापुढे धरतात आणि हळूच डोक्यावरून मागे नेतात. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली येतं. ते जमिनीला टेकलं, त्याच घडीला 'शाब्बास' आणि तुकडा तोंडात. त्याच घडीला म्हणजे त्याच घडीला. तीन-चार सेकंद गेले तर कुत्रं तोवर उठलेलं असतं आणि त्याला वाटतं आपल्याला उठल्याबद्दल मिळालं. आपली सगळ्यांची चूक इथेच होते. कुत्रं पळून जातं, आपण हाका मारतो, दहा मिनिटांनी ते येतं आणि आपण एक रट्टा देतो. आपल्या मते पळाल्याची शिक्षा. त्याच्या मते परत आल्याची. पुढच्या वेळी ते येईल कशाला?

एकावेळी पाच-दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. दिवसातून दोन-तीनदा. कुत्रं कंटाळायच्या आधी थांबायचं. आणि शब्द एकच. एका घरात आम्ही पाहिलं, आजोबा म्हणत 'बैस', सूनबाई 'खाली बस', नातू 'सिट', आणि मालक नुसतं 'ए!' कुत्रं बिचारं चौघांच्या तोंडाकडे बघत उभं. ताईंनी कागदावर एकच शब्द लिहून फ्रिजवर चिकटवला. दोन आठवड्यांत कुत्रं शिकलं. आजोबांना महिना लागला.

अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याला आपण ढकलतो, ओरडतो. त्याला तो खेळच वाटतो. ताई पाठ फिरवून उभ्या राहतात, झाडासारख्या. चारही पाय जमिनीवर आले की मग वळून लाड. साखळी ओढणाऱ्या कुत्र्याबरोबर त्या ओढाओढ करत नाहीत, जागीच थांबतात. दोरी सैल झाली की चालतात. पहिल्या दिवशी शंभर पावलं चालायला त्यांना अर्धा तास लागला. शेजारचे दारात उभे राहून बघत होते की ही बाई रस्त्यात उभी का आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला हे काही नवीन नाही. तरणा गोऱ्हा पहिल्यांदा जुंपतात तेव्हा काय करतात? आधी नुसतं जू मानेवर सवयीला देतात, जुन्या शांत बैलाच्या जोडीला धरतात, मग हलकं ओझं. पहिल्याच दिवशी कुणी नांगराला जुंपत नाही. जुंपलं आणि मारलं तर तो बैल जन्मभर बिचकतो. हे आपल्या घरात माहीत असतं. कुत्र्याच्या बाबतीत तेवढं आपण विसरतो.

ताई आणखी एक सांगतात. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की तिथून साडेतीन महिन्यांपर्यंत त्याने जे पाहिलं-ऐकलं, त्याची भीती पुढे राहत नाही. लहान मुलं, टोपीवाला माणूस, ट्रॅक्टर, फटाका, छत्री. या दिवसांत त्याला कोंडून ठेवलं तर मोठेपणी ते प्रत्येक गोष्टीला भुंकतं आणि घाबरलेलं कुत्रंच बहुतेक वेळा चावतं. ज्यांच्या घरी पिल्लू आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. आणि कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुत्र्याला घालू नका. त्याला ते बाधतं. आपण प्रेमाने उष्टं घालतो, त्यात कांदा असतोच.

आता पैशाचं, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकीच्या मनात तेच असणार. पहिल्या महिन्यात ताईंना मिळाले १,५००. तेही डॉक्टरांच्या घरून. शिलाईचे किरकोळ पैसे वेगळे, कारण मशीन त्यांनी बंद केली नव्हती. आम्हीच तशी अट घातली होती, ही आमची एक गोष्ट बरोबर ठरली. मग दिवाळी आली आणि अशी कमाई झाली जी ना ताईंच्या हिशोबात होती, ना आमच्या. लोक गावाला जातात, कुत्रं कुठे ठेवायचं? मलकापूर, नांदुऱ्याच्या चार घरांनी आठ-आठ दिवसांसाठी कुत्री ताईंकडे सोडली. एका कुत्र्याचे दिवसाला २५०. आठ हजार रुपये! अंगणात कडुनिंबाखाली पत्र्याची शेड होती, तिला जाळी लावून चार खण केले. शेजाऱ्यांनी तक्रार केली, रात्री भुंकतात म्हणून. तक्रार खरी होती. ताईंनी कुत्री रात्री घरात घेतली, सासूबाईंनी आपली खाट ओसरीत काढली. तुळशीपाशी कुत्रं गेलेलं त्यांना चालत नाही, म्हणून तुळशीभोवतीही जाळी आली. "नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं धावले होते," असं ताई म्हणाल्या, तर सासूबाई म्हणाल्या, "ते धावले, त्यांनी घरात घेतलं नाही."

मग सहा आठवड्यांचे ३,००० असा दर ठरला. आठवड्यातून तीनदा जायचं. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्याचा इथे मोठा हातभार लागला. मार्चपर्यंत सहा हप्ते वेळेवर आले. आम्ही प्रभाग संघाच्या बैठकीत मोठ्या मानाने सांगितलं.

आणि एप्रिल आला. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकतं आणि तेवढ्यावर अंग थंड करतं. डांबरी रस्त्याने त्याचे तळवे भाजतात. हाताची मागची बाजू रस्त्याला लावून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. सकाळी साडेपाच ते सात, एवढाच वेळ उरला. त्या वेळी वडनेरहून मलकापूरला पोचायचं कसं? तीन घरं सुटली. त्यातून सुट्टीत लोक गावाला जातात, पण या वेळी ताईंनी कुत्री ठेवून घेतली नाहीत, पत्र्याखाली ती मेली असती. एप्रिलच्या बैठकीत ताईंनी व्याजाचे ९० रुपये तेवढे आणले. मुद्दल नाही.

त्याच आठवड्यात अजून एक घडलं होतं. एका गोदामाच्या मालकाने त्यांना बोलावलं. आडदांड अल्सेशियन, दिवसरात्र साखळीला बांधलेलं. मालक म्हणाला, "याला चांगलं तेज करून द्या. माणूस दिसला की फाडलं पाहिजे. ५,००० देतो." ताई नाही म्हणून परत आल्या.

हे बैठकीत निघालं आणि अध्यक्षबाईंचा आवाज चढला. "गटाचा पैसा अडकला अन् हिनं चालत आलेले पाच हजार सोडले!" आम्हीही मनातून अध्यक्षबाईंच्याच बाजूला होतो. हप्ता चुकला की बँकेत गटाची पत जाते, आणि मग पुढच्या कर्जासाठी बँकेच्या दारात आम्हालाच उभं राहावं लागतं. ताई म्हणाल्या, "बाई, त्या गोदामात हमालाची लेकरं खेळतात. बांधून ठेवून चिडवलेलं कुत्रं चोर ओळखत नाही. ते लेकराले धरल. मग ते पैसे मी गटात भरू काय?" कुणी काही बोललं नाही. अध्यक्षबाईंनी वही मिटली. त्या दिवशी चहा झाला नाही.

मे महिन्यातही मुद्दल आलं नाही. ताईंना कर्ज दिलं ही चूक झाली, असं दोघी-तिघी उघड म्हणू लागल्या. एक जण तर ताईंच्या अंगणाकडे बघायची सोडली. आम्हाला झोप लागत नव्हती, खोटं का सांगावं. त्यात आमच्या लक्षात एक गोष्ट आली, जी पहिल्याच दिवशी यायला हवी होती. शेतीसाठी कर्ज देताना आपण कापूस-सोयाबीन घरात आल्यावर मुद्दल घेतो. भर पावसाळ्यात कुणाकडे मुद्दल मागत नाही, कारण कामाला हंगाम असतो हे आपल्याला कळतं. ताईंच्या कामालाही हंगाम आहे. दिवाळीत भर, थंडीत बरं, उन्हाळ्यात कोरडं. आम्ही मात्र बारा महिने सारखा हप्ता ठरवून मोकळे झालो होतो. मेच्या बैठकीत आम्ही ठराव घेतला की हे दोन हप्ते पुढे ढकलायचे, दंड नाही, व्याज चालू. अध्यक्षबाईंनी सही केली, पण पेन जरा जोरात टेकवून.

जूनमध्ये पाऊस पडला आणि काम परत सुरू झालं. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, चारही हप्ते आले. एकूण दहा झाले. दोन राहिले. कमाईचं विचाराल तर वर्षाची गोळाबेरीज करून महिन्याला साडेचार हजाराच्या आसपास पडते, शिलाई धरून नाही. फार नाही. शिलाईच्या चांगल्या दिवसांत त्यांना लग्नसराईत याहून जास्त मिळायचं. पण डोळे वाचले, कंबरेचा पट्टा सुटला, आणि शिलाई दरवर्षी घटत होती, हे काम घटत नाही. ज्यांना वाटेल की आपणही उद्या पाटी लावू, त्यांना सांगतो. या कामाला आपल्या देशात कुणाचा परवाना लागत नाही, कुणीही पाटी लावू शकतं, म्हणूनच फी भरण्याआधी शिकवणाऱ्याचं काम दोन दिवस बसून बघा. जो काठी, काटेरी पट्टा, उपाशी ठेवणं असलं काही वापरतो, तिथून उठून या. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० पासून आहे, मारहाण आणि सतत आखूड साखळीला बांधणं त्यात बसतं. आणि आपल्या जवळच्या गावात अशी किती घरं आहेत जी पैसे देतील, ते मोजा. ताईंनी पुण्याला जाण्याआधी मलकापूर आणि नांदुऱ्यात फिरून मोजली होती. एकोणीस निघाली. एकाच पंचक्रोशीत दोघींना पुरेल एवढं काम आज तरी नाही.

येत्या २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन आहे, लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन. त्यामुळे चावण्याबद्दल बोलल्याशिवाय उठता येणार नाही. ताईंना गेल्या हिवाळ्यात एका कुत्र्याने दंडाला धरलं. चूक त्यांचीच होती, ते खात असताना त्यांनी ताट सरकवलं. त्यांनी पुण्यालाच आधीच्या तीन सुया घेऊन ठेवल्या होत्या, तरी त्या धावत दवाखान्यात गेल्या. रोज कुत्र्यांत हात घालणाऱ्या बाईने आधीच लस घेऊन ठेवावी. कामाला हात लावायच्या आधी.

बाकी आपल्यासाठी: कुत्रं चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर त्याची लाळ लागली तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. किती वेळ? पूर्ण १५ मिनिटं. घड्याळ लावून. आपण दोन मिनिटांत उरकतो. हळद, तिखट, चुना, तेल, काही लावायचं नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही. मंत्र, झाडपाला, कुठल्या गावचं औषध, यात दिवस घालवायचा नाही. सरकारी दवाखान्यात लस फुकट आहे. पहिली सुई त्याच दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी, किंवा डॉक्टर कार्डावर लिहितील त्या तारखांना. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं, ते विचारून घ्या. मधली सुई चुकवू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. घरच्या कुत्र्याला पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस आणि मग दरवर्षी. आमच्या गावात ताईंनी शाळेत जाऊन मुलांना दाखवलं की अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, डोळ्यांत बघायचं नाही. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. अध्यक्षबाईंचा नातू त्या वर्गात होता. दुसऱ्या दिवशी घरी त्याने आजीलाच झाडासारखं उभं केलं.

परवाच्या बैठकीत एक नवीन अर्ज आलाय. एकावन्न वर्षांच्या मावशी आहेत, त्यांना पिठाची गिरणी विकून गावातल्या शेळ्यांना लस-औषध देण्याचं काम शिकायचंय, पशुसखी म्हणून. या वेळी कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "हंगाम कोणता, सांग आधी." निर्णय पुढच्या बैठकीत होईल.

ताईंना कुणाला भेटायचं असेल, आपलं कुत्रं दाखवायचं असेल, तर आमची बैठक दर महिन्याच्या ५ तारखेला दुपारी तीन वाजता असते, तिथे या. सकाळी आलात तर त्या भेटणार नाहीत, पहिल्या एसटीने मलकापूरला गेलेल्या असतात. कुत्रं आणताना दोरी बांधून आणा. बैठकीत आजींना अजून कुत्र्याची भीती वाटते.